क्षमतेचा रकाना

अर्जाच्या सातव्या पानावर एक रकाना होता: संस्थेची संशोधन क्षमता. विद्यापीठाकडे कोणती उपकरणं आहेत आणि ती कोणत्या अवस्थेत आहेत, ते तिथे लिहायचं होतं. एप्रिल महिना होता. विभागातल्या कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो नुसता गरम वारा फेकत होता. अर्ज भरायची मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती. मी लिहिलं, सूक्ष्मदर्शक चार, सर्व चालू स्थितीत.

चारांतले दोन बंद होते. तिसऱ्याच्या भिंगाला बुरशी लागली होती, त्यातून पाहिलं की प्रत्येक नमुन्यावर जाळं पसरल्यासारखं दिसायचं. उरला एक, त्यावर एमएस्सीच्या वर्गाची प्रात्यक्षिकं चालत. हे सगळं माहीत असून मी चार लिहिले, कारण त्याआधीचे माझे दोन प्रस्ताव दिल्लीहून एकाच शेऱ्यासह परत आले होते. संस्थेकडे पुरेशा सुविधा नाहीत, असा तो शेरा. सुविधा नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून सुविधा नाहीत. या फेऱ्यात माझी नोकरीची अकरा वर्षं गेली होती. तेव्हा मला ते खोटं फार मोठं वाटलं नाही.

मी गडचिरोलीत वनस्पतिशास्त्र शिकवते. माझा विषय शैवाक. झाडांच्या सालीवर पांढरे, राखाडी, हिरवट डाग दिसतात ना, ते. ते डाग म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार असतो. बहुतेक लोकांना त्याची एकच जात ठाऊक असते, आणि तीही झाडावरची नव्हे, मसाल्याच्या डब्यातली. दगडफूल. माझ्या अब्बांचं चंद्रपुरात मसाल्याचं दुकान होतं. दगडफुलाचं पोतं आलं की त्यातल्या काड्या आणि साली निवडायचं काम आम्हा बहिणींकडे असे. मी निवडता निवडता एकेक तुकडा उलटून बघत बसायची. वरून राखाडी आणि खालून काळा कुळकुळीत, कडेला बारीक केस. पुढे त्यातच पीएचडी करते म्हटलं, तेव्हा अब्बा गल्ल्यावरून उठून बाहेर आले आणि म्हणाले, "ये भी पढने की चीज है क्या?" नंतर मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत राहिले.

तो प्रस्ताव मंजूर झाला. आमच्याकडच्या जंगलात रस्त्याकडेच्या झाडांवर कोणती शैवाकं आहेत आणि आत, रस्त्यापासून दूर कोणती आहेत, हे तीन वर्षं मोजायचं, एवढंच माझं काम होतं. सूरजागडच्या लोहखाणीकडे जाणारे ट्रक वाढल्यापासून लोक मला विचारत, "म्हणजे खाणीवर संशोधन का, मॅडम?" मी सांगायची, नाही, झाडावर. तीन वर्षं मोजल्याशिवाय मी काहीच म्हणणार नव्हते.

मंजुरीचं पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की उपकरणांसाठी मागितलेली रक्कम पूर्ण कापली आहे. शेजारी एक ओळ होती, संस्थेकडे सूक्ष्मदर्शक पुरेशा संख्येने उपलब्ध आहेत. मी ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि विभागात पेढे वाटले.

प्रकल्पावर काम करायला मी आमच्याच विभागातून एमएस्सी झालेली एक मुलगी घेतली. ती पोंभुर्ण्याकडच्या एका गावची. घरी धानाची शेती, दोन लहान भाऊ. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि कधी फार बोलायची नाही, पण जंगलात गेलो की सगळ्यात आधी तिला दिसायचं. मुलाखतीत मी विचारलं, "हे काम कंटाळवाणं आहे. एकेका झाडापुढे तास तास उभं राहावं लागतं. जमेल?"

"धान रोवतो आमी मॅडम," ती म्हणाली. "त्याच्यात तर वाकून राहा लागते."

आम्ही साठ झाडं ठरवली. बहुतेक ऐनाची आणि मोहाची, एकतीस रस्त्याच्या कडेला आणि एकोणतीस आत. प्रत्येकाला पत्र्याचा बारका क्रमांक बांधला. तारेची एक जाळी करून घेतली होती, पाच घरांची, शिडीसारखी. ती खोडाला छातीच्या उंचीपासून खाली टेकवायची आणि प्रत्येक घरात काय काय आहे ते लिहून घ्यायचं. खोडाच्या चारही बाजूंनी. माझ्या स्कूटीवर आम्ही दोघी, मागे पिशवीत जाळी, चाकू, भिंग आणि डबे. दुपारी एखाद्या गावातल्या शाळेच्या ओट्यावर जेवायचो. ती जवसाची चटणी आणायची, मी अंडी. पहिल्या चार महिन्यांतच तिची नजर माझ्यापेक्षा तयार झाली. ती दुरून सांगायची, "सतरा नंबरवर उत्तरेकडून पिवळं आलं."

पण ओळखीचं खरं काम प्रयोगशाळेत होतं, आणि तिथे त्या बुरशी लागलेल्या भिंगातून आम्हाला काही दिसत नव्हतं. एमएस्सीचे वर्ग सुटेपर्यंत आम्ही चांगल्या सूक्ष्मदर्शकाची वाट बघत बसायचो. प्रवासाचे पैसे मात्र पडून होते, कारण आम्ही गाडी भाड्याने घेतच नव्हतो. मग मी प्रवासाच्या पैशांतून एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. नियमात बसत नाही हे मला ठाऊक होतं. पण मी चोरी केली असं कोणाला पटणार नाही, असा माझा हिशेब होता. यंत्र तर विद्यापीठाच्याच टेबलावर होतं.

वर्ष संपलं. खर्चाचं प्रमाणपत्र दिल्लीला गेलं आणि जूनमध्ये परत आलं. मंजूर नसलेल्या बाबीवर खर्च झाला आहे, ती रक्कम प्रकल्पाच्या खात्यात परत भरावी, त्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही. पत्र दीड ओळीचं आणि अगदी स्पष्ट होतं.

त्या हप्त्यातूनच त्या मुलीचं विद्यावेतन यायचं. एप्रिल, मे, जून, तीन महिने तिला काही मिळालं नव्हतं. ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिने विचारलं, "मॅडम, पैशाचं काही समजलं का?"

मी म्हणाले, "ऑफिसात अडकलंय. तुला माहीत आहेच आपलं ऑफिस. पंधरा दिवसांत होईल."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मी स्वतः त्यावर विश्वास ठेवला. आमच्याकडे सगळंच ऑफिसात अडकतं. त्यामुळे हे खोटं कोणाला खटकतही नाही.

पैसे मला भरता आले असते. पगार होता, घरकर्ज फिटलं होतं. तरी मी भरले नाहीत. मी दिल्लीला पत्रं लिहीत बसले. सूक्ष्मदर्शक कामासाठी कसा आवश्यक होता, तो प्रकल्पाचीच मालमत्ता कसा आहे, झालेल्या खर्चाला मागाहून मंजुरी द्यावी. पहिलं पत्र दोन पानांचं, दुसरं चार पानांचं. मला वाटत होतं, आपण बरोबर आहोत. मी माझ्या खिशातून का भरावं? अकरा वर्षं बुरशी लागलेल्या भिंगातून बघितलं त्याची भरपाई कोण देणार? हा सगळा वाद मी कागदावर घालत होते, आणि त्याचा खर्च चोवीस वर्षांची एक मुलगी उचलत होती. तेव्हा मला ते या शब्दांत दिसलं नाही, किंवा मी दिसू दिलं नाही.

ती रोज येत राहिली. खोलीवर तिच्यासोबत आणखी दोघी राहायच्या, त्यांतल्या एकीने तिचं भाडं काही महिने सांभाळलं. संध्याकाळी ती दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. मी दोनदा तिला माझ्याकडून थोडे पैसे दिले. तिसऱ्यांदा तिने हात मागे घेतला.

"तुमचे नाई पायजे मॅडम," ती म्हणाली. "माहे पायजे."

नमुने ठेवायच्या पाकिटांचेही पैसे नव्हते. शैवाकाचा नमुना कागदाच्या घडीत ठेवतात. अब्बांचं दुकान तोवर बंद झालं होतं, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि दिवसभर काय करावं हा त्यांच्यापुढे प्रश्नच होता. मी जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद त्यांच्याकडे नेले. ते पुड्या बांधत तशीच घडी हवी होती, फक्त दोरा नको. त्यांनी चार दिवसांत गठ्ठाच करून दिला. एका रविवारी ती मुलगी गठ्ठा न्यायला चंद्रपूरला आली होती. अब्बांनी तिला शेवयांची खीर दिली आणि विचारलं, "तनखा किती देते माझी पोरगी?"

ती हसली आणि म्हणाली, "भेटते बाबाजी." मी स्वयंपाकघरात होते. तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

डिसेंबरात विद्यापीठाला कळलं की मूल्यांकन समिती जानेवारीत येणार. मग सगळीकडे धावपळ. भिंतींना रंग लागला, बंद पडलेली कारंजी चालू झाली. प्रत्येक विभागाला आपली संशोधन क्षमता दाखवणारा फलक करायचा आदेश आला. बाहेरून निधी मिळालेले प्रकल्प विद्यापीठात मोजकेच होते, त्यामुळे माझा प्रकल्प पहिल्या दालनात लागला. वर मोठ्या अक्षरांत मंजूर झालेली पूर्ण रक्कम होती. प्रत्यक्षात किती आली ते कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. फलकाशेजारी टेबलावर तो नवा सूक्ष्मदर्शक ठेवला. त्याच्या शेजारी, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कोटात, ती.

समितीत तीन जण होते. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ दक्षिणेकडचे, हळू चालणारे. बाकीचे दोघे फलक वाचून पुढे गेले, हे मात्र थांबले. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मग तिला एकेक विचारत गेले, उत्तरेकडच्या बाजूला जास्त का, मोहावर कमी का. ती अडखळत इंग्रजीत उत्तरं देत होती, पण उत्तरं बरोबर होती. मला अभिमान वाटत होता. मग त्यांनी सहज विचारलं, "विद्यावेतन वेळेवर मिळतं ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कुलगुरू सर शेजारीच उभे होते. ती म्हणाली, "येस सर."

दहा महिने झाले होते.

समिती गेली तशी आम्ही सगळे मोकळे झालो. कॅन्टीनमध्ये चहा आणि समोसे होते. मी तिला शोधलं, तर ती वित्त विभागाकडे गेली होती. समितीपुढे आपण विद्यापीठाची बाजू सांभाळली, आता तरी आपल्या कागदाचं बघा, असं म्हणायला. तिथल्या ज्येष्ठ लिपिक बाईंनी तिला समोर बसवलं आणि फाइल काढून दाखवली. त्या बाईंचा मला राग येऊ शकला नाही. सात महिने माझ्यामुळे त्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागात आली. मी नमुन्यांची यादी करत होते. ती समोर बसली नाही, उभीच राहिली.

"मॅडम, ऑफिसात काहीच नाई अडकलं."

मी पेन खाली ठेवलं.

"जूनपासून पत्र आहे. पैसे भरा म्हणून. तुमच्यावर आहे ते."

"हो," मी म्हणाले.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

मला वाटलं होतं ती रडेल किंवा आवाज चढवेल. तिने दोन्ही केलं नाही. ती फक्त थकलेली दिसत होती, माझ्यापेक्षाही जास्त.

"ऑगस्टमध्ये वनरक्षकाचा फॉर्म निघाला होता," ती म्हणाली. "माही तयारी होती. सकाळी ग्राउंडवर धावत होती मी, तुमाले माहीत आहे. तुमी म्हणलं, पंधरा दिवसांत पैसे येते, मंग पीएचडीचं रजिस्ट्रेशन करू. म्हणून नाई भरला. घरी बाबानं विचारलं तं त्याईले सांगतलं, माहं मोठं काम चालू आहे. आता पुढचा फॉर्म कधी निघन, कोणाले माहीत."

"मी आजच पैसे भरते," मी म्हणाले.

"भरा ना," ती म्हणाली. "पन फॉर्मची तारीख गेली ना मॅडम."

ती बाहेर गेली. मी त्याच दिवशी बँकेत जाऊन रक्कम भरली. रांगेत माझ्यापुढे चार माणसं होती. सगळं मिळून अर्धा तास लागला. सात महिने मी जे टाळलं ते अर्ध्या तासाचं काम होतं. पावती वित्त विभागात दिली. लिपिक बाईंनी शिक्का मारला आणि माझ्याकडे वर न बघता म्हणाल्या, "आता तिकडून यायला टाइम लागते हो मॅडम. मार्च आला."

ती पुढे आठवडाभर आली नाही. मी फोन केला नाही. काय बोलणार होते?

फेब्रुवारीत एका सकाळी तिचाच फोन आला. ती एसटीने गावी निघाली होती. मागून बसचा आवाज येत होता.

"मॅडम, झाडं तोडून राह्यले. आपल्या नंबरवाले. मी उतरली इथी."

रस्ता रुंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कधी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी वर्ग सोडून स्कूटी काढली. पोचले तेव्हा रस्त्याच्या कडेला ऐन आडवे पडले होते, काहींच्या खोडावर आमचे पत्र्याचे क्रमांक तसेच. ती एका खोडावर हात ठेवून उभी होती आणि कामावरच्या मुकादमाशी बोलत होती. तो मला म्हणाला, "मॅडम, परमिशन आहे आमच्याकडं."

"थांबवायला नाही आले," मी म्हणाले. "मला फक्त मोजायचं आहे."

"काय मोजता?"

तिने त्याला सालीवरचा एक डाग दाखवला. त्याने वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याला आमची दया आली असावी. "दुपारी ट्रक येते," तो म्हणाला. "तोवर घ्या काय घ्यायचं ते."

आमच्याकडे जाळी नव्हती, पाकिटं नव्हती. माझ्या पर्समध्ये एक चाकू आणि तिच्याकडे फोनचा कॅमेरा. मुकादमाने सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद दिला, तो फाडून आम्ही त्यात साली गुंडाळल्या आणि वर पेनने क्रमांक टाकले. "बावीस," ती म्हणायची. "दिसलं," मी म्हणायची. ऊन चढलं. करवतीचा भुसा डोळ्यांत जात होता.

आजवर आम्ही फक्त छातीच्या उंचीपर्यंतचं पाहत आलो होतो. शेंड्याकडे कधी पोचताच आलं नव्हतं. आता शेंडे जमिनीवर होते. ती एका पडलेल्या ऐनाच्या फांद्यांमध्ये शिरली आणि थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. बोटाएवढ्या फांदीवर, वरच्या बाजूला, पानासारखं पसरलेलं एक शैवाक होतं. राखाडी, खालून काळं, कडेला बारीक केस. रुपयाच्या नाण्याएवढं. साठ झाडांच्या खोडांवर आम्हाला हे एकदाही दिसलं नव्हतं. मग आम्ही प्रत्येक शेंडा पाहत गेलो. सातांवर सापडलं. खाली खोडावर काही नाही आणि वर, उजेडात, हे सगळं आपलं शांतपणे वाढत होतं.

ती फांदीवरच बसली होती. केसांत भुसा, हाताला चीक. "आपन खालीच पाहत होतो मॅडम," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी जराशी हसली. मीही हसले. तेवढ्या वेळापुरतं आमच्यात काही बिघडलेलं नव्हतं.

दोन वाजता ट्रक आले. रस्त्याकडची एकतीसही झाडं गेली. परतताना तिला एसटी थांब्यावर सोडलं. उतरल्यावर तिने पिशवी माझ्या हातात दिली, सगळ्या साली त्यात होत्या. मग म्हणाली, "मी दुसरीकडं अर्ज केला मॅडम. लागला तर जाईन."

"जा," मी म्हणाले. थांब म्हणायचा हक्क मला उरला नव्हता.

मार्चअखेर तिला खनिज वाहतुकीचं कंत्राट असलेल्या एका कंपनीच्या पर्यावरण विभागात काम लागलं. धूळ मोजायची यंत्रं सांभाळायची, आकडे नोंदवायचे. पगार मी देऊ शकले असते त्याच्या दुप्पट, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर. काही सहकारी म्हणाले, बघा, कुठे गेली ती. मला तसं म्हणवलं नाही. तिच्या धाकट्या भावाची फी त्याच वर्षी भरली गेली.

तिचं थकलेलं विद्यावेतन दिवाळीनंतर आलं. ते तिच्या खात्यावर जमा झालं का हे मी स्वतः जाऊन पाहिलं आणि तिला फोन केला. ती कामावर होती. "हाव, मेसेज आला," ती म्हणाली. मग विचारलं, "ते वरचं शैवाक ओळखलं का?"

आम्ही दोघींनी त्या शेंड्यांवर एक शोधनिबंध लिहिला. ती रविवारी फोनवरून नोंदी सांगायची, मी लिहायची. तो छापून आला, पहिलं नाव तिचं. त्याच सुमारास मूल्यांकनाचा निकालही लागला आणि विद्यापीठाची श्रेणी एका पायरीने वर गेली. अहवालात आमच्या विभागाच्या संशोधनाचं कौतुक होतं. सत्कार झाला, शाल मिळाली. प्रकल्पाचं तिसरं वर्ष मात्र मंजूर झालं नाही. रस्त्याकडची झाडंच नसल्याने तुलना शक्य नाही, असं कारण होतं. तेही बरोबरच होतं.

गेल्या वर्षी मी नवा प्रस्ताव पाठवला. सूक्ष्मदर्शक किती चालतात ते खरं लिहिलं. तरी मंजूर झाला, यावेळी फक्त एका वर्षासाठी. जाहिरात दिली, मुलाखतीला तिघी आल्या. मी प्रत्येकीला आत बसवून आधी एकच सांगितलं, पैसे वेळेवर येतील याची मी खात्री देत नाही. कागद कुठे आहे ते दर महिन्याला मी तुला दाखवीन. आणि दुसरे कुठले फॉर्म निघाले तर भर, माझ्यासाठी थांबू नकोस.

पहिलीने मान हलवली आणि आभार मानून गेली. दुसरीचा नवरा बाहेर उभा होता, तिने त्याच्याशी बोलून नाही म्हटलं. तिसरी म्हणाली, "विचार करून सांगते मॅडम." तीन आठवडे झाले, तिचा फोन आलेला नाही.

आतली एकोणतीस झाडं अजून आहेत. शनिवारी मी एकटी जाते. एका दिवसात चार होतात, कधी तीनच. जाळीचं खालचं घर मोजायला गुडघ्यावर बसावं लागतं आणि उठताना झाडाचाच आधार घ्यावा लागतो, तेव्हा जिथे काही उगवलेलं नाही अशी जागा बघून मी हात ठेवते.